फळी भरली

मी शाळेच्या पडवीतली फळी बोलतेय. दारातून आत आलात की डाव्या हाताला, वहाणा काढतात त्याच्या वर, अठ्ठावीस खुंट्यांची सागवानी फळी दिसते ना, तीच मी. सध्या माझ्यावर तीन छत्र्या, एक टोपी आणि कुणाची तरी विसरलेली पिशवी टांगलेली आहे. त्याबद्दल मला एक सांगायचं आहे, पण ते शेवटी.

माझ्या बोलण्यात तारखा आणि वेळा जरा जास्त येतील. त्याचं श्रेय दिनानाथ मास्तरांचं. ते रोज संध्याकाळी माझ्याखालच्या बाकावर बसून रोजनिशी लिहायचे आणि लिहिता लिहिता ओठांतल्या ओठांत वाचायचे. नऊ वर्षं रोज कानावर पडत गेलं, म्हणून मला पाठ झालं.

माझा जन्म कुठल्या जंगलातला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते मचव्यापासूनचं. रेवसहून भाऊच्या धक्क्यावर मीठ आणि भात नेणारा मोठा मचवा होता, त्याच्या तळातली मी एक फळी. पंचवीस वर्षं माझी एक बाजू खाऱ्या पाण्यात होती आणि दुसऱ्या बाजूवर मिठाच्या गोणी. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी मचवा म्हातारा होऊन चिखलात रुतला तो निघालाच नाही. लोकांनी त्याची लाकडं वाटून नेली. कुणाच्या वाट्याला डोलकाठी आली, कुणाच्या वाट्याला खिळे. मी आले अंबाजीच्या वाट्याला.

अंबाजी मिठागरातला सुतार. बांधातून खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि बाहेर सोडायचं, त्या दारांची दुरुस्ती हे त्याचं काम. सारं आयुष्य पाण्याशी गेलं, पण गुडघाभर पाण्याशी. पोहायला तो कधी शिकलाच नाही. त्याने मला आणलं आणि घरामागे टाकून दिलं. पाच वर्षं माझ्यावर कोंबड्या बसल्या. त्याची बायको सखुबाई अधूनमधून माझ्यावर मासे साफ करायची. मचव्याच्या लाकडाचं याहून निराळं काय व्हायचं, असं मी मनाशी धरून चालले होते.

गावात एक्कावन्न साली बालवीर पथक निघालं. रेवसच्या दक्षिणेला दोन कोसांवरचं आमचं गाव, चौथीपर्यंतच्या शाळेला नुकतेच पाचवी ते सातवीचे वर्ग जोडलेले. दिनानाथ मास्तर अलिबागेला जाऊन पंधरा दिवसांचं शिक्षण घेऊन आले आणि चोवीस मुलांच्या गळ्यात रुमाल बांधला. पण चोवीस मुलं एका माणसाला आवरत नाहीत, हे त्यांना पहिल्याच रविवारी कळलं. मग त्यांनी गावातली तीन मोठी माणसं गाठली. कुणाला काही मिळणार नव्हतं. मास्तरांनी तसं आधीच सांगितलं होतं.

दवाखान्यातल्या सुईणबाई नीराबाई आल्या. चाळिशीच्या, एकट्या, बोलायला तिखट. येसाजी आला, तो होडीवाला, भरती-ओहोटी न बघता सांगणारा. आणि अंबाजी आला. त्याला मूलबाळ नव्हतं. मास्तरांनी विचारलं तेव्हा म्हणाला, पोरांना गाठी मारायला तुम्ही शिकवताव त्या बघून हात शिवशिवतात, म्हणून येतो.

मास्तरांचा स्वभाव टापटिपीचा. त्यांनी एका कागदावर चौघांची कामं ठळक अक्षरांत लिहिली आणि पडवीच्या भिंतीला चिकटवली. मास्तरांनी मुलांना शिकवायचं आणि मोजायचं. नीराबाईंनी औषधांची पेटी सांभाळायची. येसाजीनं पाणी आणि होडी बघायची. अंबाजीनं चूल, भांडी, कोठीची चावी सांभाळायची आणि कुठूनही निघताना सगळ्यांत शेवटी निघायचं. विस्तव विझला का, मागे काही राहिलं का, ते पाहायचं. कागद वाचून दाखवल्यावर अंबाजी म्हणाला, "म्हंजे मी शेपूट. बरं हाय. शेपटाला डोकं चालवाय लागत न्हाय."

माझी पाळी आली ती दुसऱ्या वर्षी. पथक डोंगरावर गेलं होतं. परत येताना दोन पोरं वाटेतच शेतातून परस्पर घरी पळाली. गावात मोजणी झाली तर बावीस. अर्धं गाव डोंगरावर हाका मारत फिरलं आणि ती दोघं घरी बसून भात खात होती. मास्तरांनी त्या दिवशी रोजनिशीत चार पानं लिहिली. अंबाजीनं मात्र दुसऱ्याच दिवशी मला कोंबड्यांखालून ओढून काढलं, रंधा मारला आणि माझ्यात चोवीस खुंट्या ठोकल्या.

युक्ती सोपी होती. प्रत्येक मुलाला नारळाच्या करवंटीचा एक बिल्ला. बिल्ल्यावर तापल्या तारेनं डागलेलं एक चित्र: कुणाचा मासा, कुणाचा माड, कुणाचा कोयता, कुणाचा खेकडा. पथक बाहेर निघालं की मुलानं खुंटीवरचा आपला बिल्ला काढून गळ्यात घालायचा, परत आला की आपल्या हातानं खुंटीवर टांगायचा. सगळ्या खुंट्या भरल्या की मास्तर मोठ्यानं म्हणायचे, "फळी भरली." मग शिट्टी, मग घरी.

नावं न लिहिता चित्रं काढली ती मुलांच्या आयांसाठी. त्यांतल्या बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं. पथक परत यायच्या वेळेला त्या कामं टाकून यायच्या, माझ्याकडे बघायच्या, आपला मासा किंवा आपला माड दिसला की परत जायच्या. पोर कुठे खेळतंय ते बघायच्याही नाहीत. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. मचव्यात असताना माझ्यावर मीठ होतं, आता माझ्यावर माणसं होती.

फळी तयार झाली त्या दिवशी नीराबाईंनी एक प्रश्न विचारला होता. मुलांच्या खुंट्या झाल्या, आपल्या चौघांच्या कुठे आहेत? मास्तर हसले. म्हणाले, "बाई, आपण मोजणारे. मोजणाऱ्याला कशाला खुंटी?" अंबाजीनंही मान डोलावली. एवढा बाप्या हरवायला लागला तर गावानं त्याला हरवू द्यावा, असं तो म्हणाला आणि राहिलेलं लाकूड चुलीत घातलं. नीराबाईंनी पेटी बंद करताना झाकण जरा जोरात आपटलं.

आता पंचावन्न सालची गोष्ट. तेरा जानेवारी, पौष वद्य पंचमी. दुसऱ्या दिवशी संक्रांत, म्हणून शाळेला सुट्टी.

गावासमोर समुद्रात चौकीचा खडक आहे. जुन्या काळी तिथे पहाऱ्याची चौकी होती, आता नुसता चौथरा. ओहोटीला वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि मुलंसुद्धा चालत जातात. भरती आली की तोच पट्टा दोन पुरुष पाण्याखाली. पंचमीला दहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी, एक वाजला की वाट बंद, साडेचारला भरती पुरी. येसाजीनं हे आठ दिवस आधी सांगितलं आणि मास्तरांनी लिहून घेतलं. साडेबाराच्या आत सगळे किनाऱ्यावर, असं ठरलं.

मलाही नेलं होतं. किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडाला मला टांगलं. साडेआठला मुलं एकामागून एक बिल्ला काढून निघाली आणि मी रिकामी झाले. मोठी माणसंही गेली, येसाजी तेवढा त्याच्या होडीनं. मी वाळूवरून जाणारी ती रांग बघत होते. सगळ्यांच्या मागे खांद्यावर तपेलं घेतलेला अंबाजी.

अकराला नीराबाई एका मुलाला घेऊन लवकर परतल्या. कालवाच्या शिंपेनं त्याचा तळपाय कापला होता. बारा वाजून दहा मिनिटांपासून बाकीची मुलं यायला लागली. मासा आला, माड आला, कोयता आला. खेकडा सर्वांत शेवटी, हातात खरा खेकडा धरून. मास्तरांनी बोटानं एकेक बिल्ला मोजला, घड्याळ पाहिलं. साडेबाराला दोन मिनिटं कमी होती.

"फळी भरली," ते म्हणाले. शिट्टी वाजली.

त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका मी पाहिली ती मला अजून आठवते. दुसऱ्यांची चोवीस पोरं समुद्रातून चालवत नेऊन परत आणायची म्हणजे काय ते त्या चेहऱ्यावर दिसत होतं. मुलं दोन-दोनच्या रांगेत गाणं म्हणत शाळेकडे निघाली. दोन मोठ्या मुलांनी मला झाडावरून काढून नेलं आणि पडवीत भिंतीला टेकवून ठेवलं. माझा खिळा उंच आहे. मला तिथे टांगणं हे अंबाजीचं काम.

मी जमिनीवर उभी राहिले आणि वाट बघू लागले.

दोन वाजता मुलं घरी गेली. आया येऊन बघून गेल्या. मी जमिनीवर का, असं कुणीच विचारलं नाही. तीन वाजता येसाजी आला. तो खडकावरची भांडी होडीत घालून खाडीच्या तोंडाकडून, बंदरावरून आला होता. कोठीला कुलूप. त्याने भांडी पडवीत ठेवली, अंबाजी जेवायला गेला वाटतं असं पुटपुटला आणि निघून गेला. चावी अंबाजीच्या करगोट्याला असते, हे सगळ्या गावाला माहीत.

मला टांगणारा हात आला नाही, हे मला एकटीला कळत होतं. चोवीस बिल्ले अंगावर घेऊन मी उभी होते. बोलता आलं असतं तर ओरडले असते की मी भरलेले नाही. पण फळीला जेवढं सांगायला शिकवलं असेल तेवढंच ती सांगते.

सव्वाचारला मास्तर जेवून, घटकाभर पडून आले आणि रोजनिशी उघडली. ओठ हलू लागले: चौकीचा खडक, हवा स्वच्छ, एक किरकोळ जखम, सर्व सुखरूप परत, वेळ साडेबारा.

एवढं लिहून होतंय तोच सखुबाई आली. तिला मी चांगली ओळखते. हाताला हळकुंडाएवढाही दागिना नाही, पण चालणं असं की वाट तिलाच बाजू देते. तिनं मास्तरांकडे पाहिलं नाही. बाकीच्या बायका बघायच्या तशी माझ्याकडे पाहिलं. मासा, माड, कोयता, खेकडा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि पुन्हा उलट.

मास्तर म्हणाले, "वहिनी, सगळे आले. फळी भरली कधीच."

"भरलीय म्हनताव," सखुबाई म्हणाली. "मंग माझा मानूस कंच्या खुंटीवर हाय?"

मास्तरांचा टाक हातातच राहिला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पडवीतल्या भांड्यांकडे, मग कोठीच्या कुलपाकडे. तोंडातून एवढंच निघालं की तो येसाजीच्या होडीतून आला असेल. येसाजीला हाक गेली. तो धावत आला, कारण हाक तशीच होती. त्याला वाटलं होतं अंबाजी मास्तरांबरोबर चालत गेला. नीराबाई आल्या. त्यांना वाटलं होतं तो होडीत बसला. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं होतं. कागदावरच्या कुठल्याही ओळीत चूक नव्हती. फक्त जो सगळ्यांच्या मागे राहतो, त्याच्या मागे कोण राहणार, ती ओळ कागदावर नव्हतीच.

मास्तर उठले. मी त्यांना कधी पळताना पाहिलं नव्हतं.

भरती पुरी झाली होती. खडकावर नुसता बसून राहिला असेल तर चौथरा पाण्यावर असतो, हे येसाजी दोनदा म्हणाला. पण वाट बुडताना बघून तो चालत निघाला असेल तर काय, हे कुणी बोललं नाही. गुडघाभर पाण्याचा माणूस. सखुबाई तेवढी म्हणाली, "ह्ये कवा गप बसल्यात?"

येसाजीला एक फळी हवी होती. भरतीच्या लाटेत होडी खडकाला लावता येत नाही, फुटते. दोन हात अंतरावर थांबवून फळी टाकावी लागते. त्याची नेहमीची फळी दुसऱ्या होडीवर गेलेली. त्याची नजर पडवीत फिरली आणि माझ्यावर थांबली.

मास्तर क्षणभर अडखळले. नीराबाई नाही अडखळल्या. त्यांनी माझ्यावरचे चोवीस बिल्ले भराभर काढून औषधांच्या पेटीत ओतले आणि म्हणाल्या, "घ्या उचलून. आज ही एकासाठी निघू दे."

मास्तरांनी मला खांद्यावर घेतलं. हजेरीपटापेक्षा जड वस्तू या माणसानं कधी उचलली नसेल. माझ्या खुंट्या त्यांच्या मानेला टोचत होत्या आणि ते पळत होते.

सखुबाई होडीत चढायला निघाली तेव्हा येसाजीनं तिला थांबवलं. परत येताना एक माणूस जास्त असणार, जागा लागेल, असं म्हणाला. जास्त असणार, हे तो मुद्दाम ठासून बोलला. ती उंडीच्या झाडाखाली उभी राहिली.

आठ वर्षांनी माझ्या अंगाला समुद्राचं पाणी लागलं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हरखले असते. होडी बुडालेल्या वाटेवरून चालली होती आणि मास्तर सारखे खाली पाण्यात बघत होते. ओठ हलत होते, पण लिहायला वही नव्हती.

"खाली काय बगताव, मास्तर," येसाजी वल्हं मारता मारता म्हणाला. "वर बगा."

मास्तरांनी मान वर केली. चौकीच्या चौथऱ्यावर एक काठी उभी होती. काठीच्या टोकाला काहीतरी पांढरं फडफडत होतं. आणखी जवळ गेल्यावर दिसलं की तो अंबाजीचा पंचा आहे. पंच्याचं निशाण झाल्यामुळे खाली बसलेला अंबाजी सदरा आणि लंगोटी एवढ्यावरच होता. पाय पुढे पसरलेला, घोटा भोपळ्यासारखा सुजलेला.

मास्तरांनी तोंडावर दोन्ही हात ठेवले. नीराबाई दुसरीकडे बघू लागल्या. लंगोटीमुळे की डोळ्यांमुळे, मला सांगता येणार नाही.

"निशाण चढवलंय," वरून अंबाजीचा आवाज आला. "सलामी तरी द्या."

झालं होतं ते असं. सगळे निघाल्यावर त्यानं विस्तव विझवला, चहूकडे पाहिलं आणि मागच्या अंगाला कुणा मुलाची काठी विसरलेली दिसली. ती आणायला गेला. येताना पाय कपारीत गेला आणि मुरगळला. ओरडला, पण लाटांचा आवाज आणि किनाऱ्यावर मुलांचं गाणं. सरपटत पुढच्या बाजूला आला तोवर रांग माडांत शिरत होती. वाटेवर पाणी घोट्याएवढंच होतं. एका पायावर जावं असं त्याच्या मनात दोनदा आलं. मग त्याला पोरांना रोज शिकवतात ते आठवलं: वाट चुकलात तर आहात तिथेच थांबा, तुम्हाला शोधायला येतील. पोरांसाठी होतं ते. पण त्याला तेवढंच पाठ होतं.

येसाजीनं होडी दोन हातांवर थोपवली आणि मला आडवं टाकलं. एक टोक खडकावर, एक टोक होडीच्या काठावर, खुंट्या वर. अंबाजी माझ्यावर बसला आणि बसल्या बसल्या पुढे सरकू लागला. एकेक खुंटी धरायची आणि पुढे व्हायचं. लाट आली की आम्ही दोघं वर जायचो आणि खाली यायचो.

"ह्या खुंट्या कुनी ठोकल्यात एवढ्या उंच," तो कळवळून म्हणाला.

"तूच ठोकल्यास," येसाजी म्हणाला. "आता बस त्यांच्यावर."

शेवटच्या हातभर अंतरावर मोठी लाट आली. त्याचा सगळा भार चोविसाव्या खुंटीवर आला आणि ती कटकन मोडली. पण तोवर मास्तरांनी त्याच्या काखेत हात घातले होते. दोघे होडीत एकमेकांवर पडले. मास्तर त्याला सोडायला तयार नव्हते.

"अंबाजी," ते म्हणाले, "मी तुम्हाला मोजलंच नाही."

अंबाजीनं जरा विचार केला. "मी तरी कुठं मोजून घेतलं, मास्तर? खुंटी नको म्हनालो त्यो मीच की."

होडी किनाऱ्याला लागली तेव्हा सूर्य पाण्याला टेकायचा होता. सखुबाई कमरेइतक्या पाण्यात येऊन उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. तिनं नवऱ्याचा घोटा बघितला, पंचा त्याच्या अंगावर टाकला आणि म्हणाली, "भात निवला."

त्या संध्याकाळी मास्तरांनी रोजनिशी पुन्हा उघडली. 'सर्व सुखरूप परत' हे शब्द त्यांनी तसेच ठेवले. पुढची वेळ मात्र एका सरळ रेघेनं खोडली आणि लिहिलं: सहाला दहा मिनिटं कमी. मग वही मिटली आणि ते बाकावरच आडवे झाले. सुटका झाल्यावर माणूस इतका थकतो, हे मला तेव्हा कळलं.

चार दिवसांनी चौघं पडवीत जमली. अंबाजीचा पाय नीराबाईंनी दोन फळकुटांत बांधलेला, पण हात मोकळे होते. त्यानं माझी चोविसावी खुंटी नवी बसवली आणि पुढे आणखी चार ठोकल्या. येसाजीच्या बिल्ल्यावर शीड, नीराबाईंच्या बिल्ल्यावर कात्री, स्वतःच्या बिल्ल्यावर करवत. मास्तरांना काय हवं ते ठरेना. शेवटी अंबाजीनं त्यांना न विचारता टाक डागला.

मास्तरांनी जुना कागद काढून नवा लिहिला. शेवटी निघायचं ते एकानं नाही, दोघांनी. आणि मोजायचं काम त्यांनी स्वतःच्या नावापुढून खोडलं. जो बरोबर जातो त्यानं मोजू नये, ज्यानं मोजायचं त्यानं किनाऱ्यावर थांबावं, असं त्यांचं म्हणणं. मग प्रश्न आला, थांबणार कोण?

सखुबाई पडवीच्या कडेला तिळगुळाचा डबा घेऊन उभी होती. नवऱ्याला न्यायला आली होती. मास्तरांनी तिला विचारलं. ती म्हणाली, मला लिहिता-वाचता येत न्हाय.

"वहिनी, त्या दिवशी ही फळी तुम्हीच वाचलीत," मास्तर म्हणाले. "आम्हा शिकलेल्यांना नाही आली."

तिनं पदर खोचला आणि होकार दिला. येसाजीनं हळूच विचारलं, मग हिला कोण मोजायचं? अंबाजी म्हणाला, "तिला मी मोजतो. तीस वरसं झाली, एकच भरते."

तेव्हापासून पथक कुठेही निघो, सखुबाई माझ्यापाशी बसायची. डोंगर असो, खडक असो, रेवसला जायचं असो. अठ्ठावीस चित्रं तिला देवघरातल्या देवांसारखी पाठ. मास्तरांचा टाक खुंटीवर आला की मग ती म्हणायची, "भरली." तिनं म्हटल्याशिवाय शिट्टी वाजत नसे. एकदा नीराबाई बिल्ला पेटीत विसरून घरी गेल्या तर तिनं साऱ्या पथकाला अर्धा तास उभं ठेवलं. नीराबाई तणतणत परत आल्या, बिल्ला टांगला आणि जाताना सखुबाईच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

एकसष्ट साली मास्तरांची बदली श्रीवर्धनला झाली. त्यांनी पथकाच्या सामानाची यादी करून नव्या मास्तरांच्या ताब्यात दिली. काठ्या, दोर, तपेली, निशाण, चावी, एक्केचाळीस बाबी. बेचाळिसावी बाब अशी होती: बिल्ला एक, टाकाचा, माझ्याकडे.

नवे मास्तर तरुण, हुशार आणि घाईचे. पहिल्याच सहलीनंतर त्यांनी शिट्टी तोंडाला लावली तर सखुबाई म्हणाली, "थांबा. बाकी सारे आले. एक बाहेर हाय." त्यांना कळेना. अंबाजीनं त्यांना रिकामी खुंटी दाखवली आणि सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. पण दर वेळी ती तसंच म्हणायची, "एक बाहेर हाय," आणि मग ते हसून शिट्टी वाजवायचे. पुढे पुढे ते हसायचेही बंद झाले.

गेल्या पौषात, सहासष्ट साली, दिनानाथ मास्तर एसटीनं आले. केस पांढरे, हातात तीच वही, नवी असली तरी तीच. अंबाजी काठी टेकत आला, येसाजी आला. नीराबाईंची मागच्या वर्षी पेणला बदली झाली. त्यांचा बिल्लाही त्या घेऊनच गेल्या आहेत. मास्तर माझ्यासमोर उभे राहिले. सदऱ्याच्या आतून त्यांनी करवंटीचा बिल्ला काढला, घासून घासून गुळगुळीत झालेला, आणि अठ्ठाविसाव्या खुंटीवर टांगला. हलकासा आवाज झाला. पाच वर्षं मी त्या आवाजाची वाट बघत होते.

चहा झाला, जुनं बोलणं झालं, पंच्याच्या निशाणाला पुन्हा एकदा सलामी देऊन झाली. चारच्या एसटीची वेळ झाली. मास्तर उठले आणि सवयीनं सगळीकडे एक नजर टाकून निघाले, बिल्ला माझ्यावर ठेवून.

सखुबाईनं तो काढला आणि त्यांच्या मागे गेली.

"घेऊन जावा, मास्तर," ती म्हणाली. "हितं टांगला तर वाटंल, काम झालं. रिकामी खुंटी दिसली का म्हाईत असतं, मानूस बाहेर हाय, यायचा हाय."

मास्तरांनी बिल्ला गळ्यात घातला. वहीत काही लिहिलं नाही.

तर माझं सांगणं एवढंच. माझं लाकूड जुनं आहे, पण किडलेलं नाही. छत्र्या टांगा, टोप्या टांगा, माझी ना नाही. पावसाळ्यात माणसांनी कुठे जावं? पण शेवटच्या चार खुंट्यांमधली कात्रीची आणि टाकाची, या दोन सोडा. त्या रिकाम्या दिसल्या तरी रिकाम्या नाहीत.